विद्यापीठ आणि ग्रामसभेची वही

(गडचिरोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘विद्यापीठ आणि प्रदेशाचा विकास’ हा विषय आपण मला दिलात. दीक्षान्त समारंभांतून ह्या विषयावर जे बोलले जाते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि त्यातील मोठमोठ्या शब्दांची मला आता धास्ती वाटू लागली आहे. तेव्हा मी विषय थोडा लहान करून घेतो. मी एका वहीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे ग्रामसभेची जमाखर्चाची वही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ज्या गावांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, त्या गावांत ही वही कोण लिहितो, ती लिहिण्यास त्याला कोणी शिकवले, आणि ती चुकली तर भुर्दंड कोणाला पडतो, एवढाच माझा प्रश्न आहे. विद्यापीठाने काय करावे ह्याचे बरेचसे उत्तर मला त्यातच दिसते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र, त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १० लाख ७२ हजार. चंद्रपूरची लोकसंख्या त्याच गणतीत २२ लाखांवर होती. तेथे कोळसा आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे, दुर्गापूरला २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रिकेतील एखादी चूक दुरुस्त करून घ्यायची असली, तर तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून नागपूर गाठावे लागे. २ ऑक्टोबर २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाचे काम गडचिरोलीत सुरू झाले आणि हे अंतर कमी झाले. ही गोष्ट लहान नाही. तथापि परीक्षा-विभाग जवळ आला म्हणजे विद्यापीठ जवळ आले, असे समजण्याचे कारण नाही.

विद्यापीठ स्थापन होत असतानाच ह्या प्रदेशात दुसरी एक घटना घडत होती, आणि माझ्या मते ती विद्यापीठाच्या स्थापनेहूनही मोठी होती. २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००८ च्या जानेवारीपासून त्याचे नियम लागू झाले, आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. कारण तो जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेला द्यायला वनखाते राजी नव्हते. बांबू हे झाड की गवत, असा तो वाद. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. २००६ च्या कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात केली होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी मेंढ्याला येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढील काही वर्षांत एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना चार लाखांहून अधिक हेक्टर जंगलावर असे हक्क मिळाले. देशात अन्यत्र एका जिल्ह्यात असे घडल्याचे उदाहरण नाही.

आता अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्याचा अर्थ पाहा. काल-परवापर्यंत जे मजूर होते ते मालक झाले. आपण समाजवादी मंडळी ज्या गोष्टीसाठी ठराव करीत आलो, ती येथे निदान कायद्यात तरी उतरली. पण मालक होणे म्हणजे काय? मालकाला किंमत ठरवावी लागते, करार करावा लागतो, उधारी वसूल करावी लागते, कर भरावा लागतो, पुढील वर्षासाठी माल राखावा लागतो. ही सर्व कामे आजवर वनखात्याचे कारकून आणि ठेकेदारांचे मुनीम करीत होते. हक्क ग्रामसभेकडे आला. मुनीम मात्र ठेकेदाराकडेच राहिला.

तेंदूपत्त्याचे उदाहरण थोडे तपशिलाने सांगतो, कारण ह्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांच्या हातात वर्षातून एकदा रोकड येते ती ह्याच पानांतून. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, दुपारी घरातल्या सर्वांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर मोजून द्यायचे. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने. त्यातले प्रत्येक पान कोणातरी बाईच्या हातून तोडले गेलेले असते. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार राज्याने आपल्या ताब्यात घेतला होता आणि वनखाते घटकवार लिलाव करीत असे. वनहक्क कायद्यानंतर, आणि विशेषतः २०१४ च्या पेसा नियमांनंतर, अनेक ग्रामसभांनी स्वतः लिलाव करण्यास सुरुवात केली. जाहिरात द्यायची, ठेकेदारांकडून गोणीमागे बोली मागवायची, करार लिहायचा, मजुरी आणि रॉयल्टी वसूल करायची. सगळे ग्रामसभेने करायचे.

हा लिलाव पाने फुटण्यापूर्वीच होतो. जो माल अद्याप झाडावरही नाही त्याचा भाव आज ठरतो. ठेकेदाराला गोदामांत गतवर्षीचा किती माल पडून आहे हे ठाऊक असते. विडी कारखानदारांची मागणी किती राहील, छत्तीसगढ आणि तेलंगणात बोली कोठवर गेली, हेही ठाऊक असते. ग्रामसभेला शेजारच्या गावाला गेल्या वर्षी काय भाव मिळाला तेवढे ठाऊक असते, तेही ऐकीव. विक्रेत्याला आणि ग्राहकाला सारखी माहिती नसेल तर बाजार कसा नासतो ह्या सिद्धान्ताबद्दल २००१ साली तिघा अर्थशास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पदव्युत्तर वर्गांत तो सिद्धान्त शिकवला जातो, आणि उदाहरण अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजाराचे दिले जाते! महाविद्यालयाच्या फाटकापासून दोन कोसांवर फळी आहे, पण ती प्रश्नपत्रिकेत येत नाही.

पुन्हा कराची बाब. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला. कर आहे म्हणून बोली कमी, असे ठेकेदारांनी सांगायचे आणि ग्रामसभांनी ऐकून घ्यायचे, असे त्यानंतर होत गेले. २०२५ च्या सप्टेंबरात हा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ह्या कपातीचा लाभ कोणाला होईल? कारखानदाराला, ठेकेदाराला, की पाने तोडणाऱ्या बाईला? पाठ्यपुस्तकात ह्याला करभाराचे संक्रमण म्हणतात आणि दोन वक्ररेषा काढून ते समजावतात. प्रत्यक्षात ते सौद्याच्या दिवशी ग्रामसभेच्या बाजूला कोण बसले आहे त्यावर अवलंबून असते. कर कमी झाल्याची बातमी कोरचीतील अथवा भामरागडमधील किती ग्रामसभांना गोंडी किंवा माडिया भाषेत, आकडे मांडून, कोणी समजावून सांगितली?

एका गावातील वही मी स्वतः पाहिली आहे. दहावी झालेला एक मुलगा ती लिहितो. पत्र्याच्या ट्रंकेत पावत्या, कराराच्या छायाप्रती, बँकेचे पासबुक, आणि पॅन क्रमांकाविषयी आलेले एक इंग्रजी पत्र. ते पत्र कशाबद्दल आहे हे गावात कोणालाच कळले नव्हते. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता थकला होता. करारात हप्त्यांच्या तारखा होत्या, पण माल उचलण्यापूर्वी पूर्ण रक्कम भरावी हे कलम नव्हते. ते का नाही, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘सर, करार त्यांनीच टाईप करून आणला होता.’ ह्या मुलाच्या हुशारीविषयी माझ्या मनात शंका नाही. बी. कॉम.च्या तीन वर्षांत आमची मुले नोंदी करायला शिकतात त्या कल्पित कंपन्यांच्या. ह्याच्या वहीत खरे लाखो रुपये होते.

कोणी म्हणेल, विडी आरोग्याला घातक, तेंदूचे एवढे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने देऊन ठेवले आहे. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर ह्या गावाने बांबूची विक्री हाती घेतली आणि तेंदू तोडणे बंद केले. चांगली पाने यावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटावी लागतात, जंगलात आगी लावल्या जातात, त्यात बांबूचे कोंब जळतात. म्हणून दोन्हींचा हिशेब करून त्यांनी एक सोडले. ह्याला आम्ही वैकल्पिक खर्च म्हणतो आणि एम. ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतो. पाचगावच्या लोकांनी तो जंगलात शिकला. विद्यापीठाला जर प्रबंधांसाठी विषय हवे असतील तर दोन्ही प्रकारच्या गावांचे दहा वर्षांचे जमाखर्च शेजारी शेजारी मांडणे, ह्याहून चांगला विषय मला सुचत नाही.

मोहाविषयी थोडक्यात सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये फूल पडते, गरजेपोटी लगेच विकले जाते, आणि पावसाळ्यात भाव चढले की तेच फूल दुकानातून विकत घेण्याची पाळी येते. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांच्या साठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध उठवले. म्हणजे कायद्याची अडचण गेली, ओलाव्याची राहिली. फूल चार महिने बुरशी न लागता टिकवायचे कसे, हे काम रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र ह्या विभागांचे आहे. त्यासाठी परदेशी नियतकालिकांत निबंध छापून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता विद्यापीठे ह्या प्रदेशाकडे कशी पाहत आली, ह्याचे एक उदाहरण देतो. नागभीड तालुक्यातील नांदेड ह्या गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्या धानाला एचएमटी असे नाव पडले. आज आपल्या ताटात हा तांदूळ असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले, त्याचे शुद्धीकरण केले आणि पीकेव्ही-एचएमटी ह्या नावाने वाण प्रसारित केले. श्रेय आणि मोबदला आपल्याला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. पुढे पुरस्कार आले, परदेशी मासिकाने नाव छापले; पण ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हा उपचारांच्या खर्चाची विवंचना त्यांच्या घरच्यांपुढे होती. शुद्धीकरणाचे शास्त्रीय काम कमी महत्त्वाचे होते असे मी म्हणत नाही. पण ज्ञान गावातून विद्यापीठात गेले तेव्हा त्याची नोंद ज्या वहीत व्हायला हवी होती ती वहीच अस्तित्वात नव्हती. गोंडवाना विद्यापीठाने आपल्या पहिल्या शंभर नियमांत हा एक नियम करावा: गावाकडून जे घेतले त्याची पावती गावाला द्यायची, आणि संशोधनाचा निष्कर्ष छापण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

विद्यापीठीय माणसांनी हे कधी केलेच नाही, असे मात्र नाही. आपल्याच महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळ ह्यांचे उदाहरण आहे. १९३० मध्ये पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या पाहण्या करणारा हा पंडित लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी उभा राहिला आणि १९५० साली सुरू झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष झाला. कर्ज कसे मागायचे, भागभांडवल किती, सभासदाला उसाचा भाव काय द्यायचा, ही सर्व गणिते अर्थशास्त्रज्ञ आणि शेतकरी एका टेबलावर बसून सोडवीत होते. पुढे सहकाराचे काय झाले ते आपण जाणतोच. कारखाने उभे राहिले, गाडगिळांची परंपरा मात्र राहिली नाही, आणि वह्या साखरसम्राटांच्या हाती गेल्या. ग्रामसभांच्या बाबतीत हे पुन्हा होऊ शकते. गावातलाच एखादा बोलका, शहरात ऊठबस असलेला माणूस वही आपल्या घरी नेऊन ठेवील, आणि दहा वर्षांनी आपल्याला वनसम्राट भेटतील. म्हणून एका गावात एक हिशेबनीस तयार करून भागायचे नाही. वही चारचौघांना वाचता आली पाहिजे, त्यांत बाया असल्या पाहिजेत.

दुसरे उदाहरण फार दूरचे आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश नावाचे गाव आहे. तेथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ मध्ये विस्तार-विभाग उघडला आणि मोझेस कोडी ह्या धर्मगुरू-प्राध्यापकाकडे तो सोपवला. त्या किनाऱ्यावरचे कोळी शेवंडी पकडत आणि डबाबंद करणारे व्यापारी देतील तो भाव घेत. विभागाच्या माणसांनी गावोगाव अभ्यासमंडळे सुरू केली. भाव कसा ठरतो, मधले पैसे कोठे जातात, हे लोकांनी स्वतः शोधायचे. त्यातून पतपेढ्या निघाल्या आणि कोळ्यांच्या मालकीचे शेवंडीचे कारखाने उभे राहिले.

हे वाचताना मला मेंढा आठवते. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा ह्यांनी तेथे जी पद्धत घडवली तिच्यात अभ्यासगट आणि ग्रामसभा ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे, तिच्या मागचा अभ्यास कमी ठाऊक आहे. मिलिंद बोकील ह्यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकात तो आला आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. विद्यापीठाची जागा नेमकी त्या अभ्यासगटात आहे. निर्णय करणे त्याचे काम नाही, पण अडाणी निर्णय होऊ नयेत ह्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

आणि हे ज्ञान केवळ गावापुरते राहते, असेही नाही. ह्याच जिल्ह्यात अभय आणि राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील बायांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणात ती पद्धत शिरली. सोमनाथला बाबा आमट्यांनी श्रमिक विद्यापीठाचे स्वप्न पाहिले होते. ही सर्व कामे विद्यापीठांच्या बाहेर झाली, हे विद्यापीठांनी लक्षात घ्यायला हवे.

गोंडवाना विद्यापीठाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने तेथे विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालते. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ ह्या उपक्रमात, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी गावातच पदवीचे वर्ग घेतले जातात. दिवसभर शेतात राबून आलेली माणसे रात्री वर्गात बसतात. हे उत्तम आहे. माझे म्हणणे एवढेच की हे उपक्रम विद्यापीठाच्या कडेला आहेत. कुलगुरू बदलले किंवा अनुदान आटले की अशी कामे थांबतात. वनहक्काचा जमाखर्च हा वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला, त्याला गुण मिळू लागले, तरच तो टिकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, कार्यप्रशिक्षण ह्यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. आज पुष्कळ ठिकाणी ओळखीच्या दुकानदाराकडून प्रमाणपत्र आणून हे श्रेयांक भरले जातात. तोच मुलगा लिलावाच्या हंगामात ग्रामसभेच्या वहीवर बसला, तर काय बिघडेल?

ह्याच्या विरुद्ध दिशेने येणारा एक प्रवाह आहे आणि तो जोरदार आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहत आहे. २०२५ मध्ये विद्यापीठाने लॉईड्स मेटल्स ही कंपनी आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ ह्यांच्याबरोबर करार केला, आणि खाणकामाचे व धातुशास्त्राचे अभियांत्रिकी शिक्षण गडचिरोलीत येत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात माओवाद्यांचा नेता भूपती ह्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीने ह्या जिल्ह्याची चार दशके खाल्ली. ती मागे हटते आहे ह्याचा आनंद आपल्यालाही आहे. पण तिने मोकळी केलेली जागा पाहता पाहता भरली जाईल. ती डंपरांनी भरायची की ग्रामसभांनी, हा प्रश्न आज उघडा आहे.

मी अभियांत्रिकी शिक्षणाच्या विरोधात नाही. एटापल्लीची मुलगी धातुशास्त्रज्ञ झाली तर मला अभिमानच वाटेल. पण खाणीला लागणारी माणसे घडवायला विद्यापीठाकडे पैसा, इमारत आणि परदेशी सहकारी आहेत, आणि हजार ग्रामसभांना लागणारा हिशेबनीस घडवायला एक पदही नाही, हे प्रमाण मला मान्य नाही. खाणीच्या बाबतीतसुद्धा वही लागतेच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम, लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत १० टक्के, तेथे जमा व्हायची असते, आणि ती खाणबाधितांसाठी खर्च व्हायची असते. चंद्रपूरच्या कोळशातून किती आले आणि ते कोठे गेले, ह्याची स्वतंत्र, वर्षवार, गावनिहाय मांडणी अर्थशास्त्र विभागाने का करू नये? ज्या कंपनीकडून देणगी घ्यायची तिच्याच खाणीचा हिशेब मांडण्याचे धैर्य विद्यापीठात राहील का, ही शंका मी येथे नोंदवून ठेवतो. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेतीची विद्यापीठे उभारली गेली, आणि त्यांनी शेतकऱ्यांसाठी फार मोठे काम केले असे आपण शिकवत आलो. त्या जमिनी मूळ आदिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हे पाठ्यपुस्तकात नसते.

एक अडचण राहते, आणि ती टाळून बोलणे बरे नव्हे. हे सारे करणार कोण? आपल्या महाविद्यालयांतून शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास तेवढे पैसे. सुटीत पैसे नाहीत. अशा माणसाला ‘कुरखेड्याला जाऊन ग्रामसभेत बस’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तेंदूचा हंगाम तर नेमका उन्हाळ्याच्या सुटीतला. म्हणून रिक्त जागा भरण्याची मागणी आणि ग्रामसभांची मागणी ह्या दोन वेगळ्या मागण्या आहेत असे समजू नका. ग्रामसभेत घालवलेला दिवस हा अध्यापनाचा दिवस मानला जावा आणि त्याचा मोबदला मिळावा, एवढे जरी मान्य झाले तरी पन्नासेक तरुण प्राध्यापक निघतील. मी त्यांतील काहींना ओळखतो.

आपल्या पक्षाचे काम येथे सुरू होते. पदवीधरांचे प्रतिनिधी विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून जातात. ह्या निवडणुकीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. ती प्राध्यापकांची आणि संस्थाचालकांची भानगड आहे असे मानतो. मतदार म्हणून किती कार्यकर्त्यांनी नाव नोंदवले आहे? हात वर करा म्हटले तर कदाचित पाच-सहा हात वर होतील. आदिवासी पदवीधरांची नावे तर त्या यादीत शोधावी लागतात. अधिसभेत अर्थसंकल्प मांडला जातो, त्यावर प्रश्न विचारता येतात.

येत्या काही आठवड्यांत ग्रामसभांच्या तेंदू-लिलावांच्या जाहिराती निघू लागतील. तालुक्याच्या प्रत्येक शाखेने तोपर्यंत दोन याद्या कराव्यात, अशी माझी सूचना आहे. स्वतः लिलाव करणाऱ्या ग्रामसभा कोणत्या आणि गेल्या तीन वर्षांत त्यांना काय भाव मिळाला, किती थकले, ही एक यादी. तालुक्यातील महाविद्यालयांत वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला किती मुले आहेत आणि त्यांतील किती गोंडी वा माडिया बोलतात, ही दुसरी. दोन्ही याद्या जोडून अधिसभेच्या पुढील बैठकीसाठी एक प्रश्न पाठवायचा आहे. त्याचा मसुदा मी लिहून आणला आहे. जेवणानंतर तो आपण एकत्र वाचू. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी आपापल्या गावचे आकडे बरोबर घेऊन बसावे.